पांढऱ्या मातीपासून संरक्षक प्रायमरपर्यंत : लोणार परिसरातील छपरांची राखण आणि जीर्ण ॲस्बेस्टॉस पत्र्यांचा प्रश्न

प्रास्ताविक

बुलढाणा जिल्ह्यातील लोणार हे गाव जगाला परिचित आहे ते तेथील सरोवरामुळे. दख्खनच्या बेसाल्ट खडकात उल्काघाताने निर्माण झालेले सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे हे विवर, त्यातील खारे पाणी आणि काठावरील यादवकालीन व उत्तर चालुक्यकालीन शैलीची मंदिरे यांवर भूवैज्ञानिकांनी, इतिहासकारांनी व निसर्ग-अभ्यासकांनी विपुल लेखन केले आहे. १८२३ मध्ये जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने केलेल्या नोंदीपासून २०२० मध्ये सरोवराला मिळालेल्या रामसर दर्जापर्यंत या लेखनाचा प्रवाह अखंड आहे. तथापि विवराच्या काठावर पिढ्यान्‌पिढ्या नांदणाऱ्या सामान्य माणसाच्या घराकडे, त्यातही घराच्या छपराकडे, अभ्यासकांचे लक्ष क्वचितच गेले. भिंतींवर शिलालेख असतात, दरवाजांवर कोरीवकाम असते. छपरावर यातील काहीच नसते आणि ते दर पिढीत बदलते, म्हणून इतिहासाच्या साधनांत त्याला स्थान मिळत नाही.

वास्तविक पाहता या प्रदेशातील छपराचा इतिहास हा त्याच्या राखणीचा इतिहास आहे. मातीचे धाबे असो वा कवेलू, पावसाळ्यापूर्वी त्याची डागडुजी केल्याविना घर टिकत नसे. विसाव्या शतकात आलेला सिमेंटचा पत्रा, म्हणजेच ॲस्बेस्टॉस-सिमेंटचा पत्रा, लोकांनी स्वीकारला तो मुख्यतः या वार्षिक कष्टातून सुटका व्हावी म्हणून. आता हे पत्रे जीर्ण झाले आहेत आणि त्यांनाही राखण लागते आहे. परंतु मातीच्या व कवेलूच्या छपरावर शिकलेल्या खरवडणे, झाडणे, ठोकणे या सवयी या पत्र्यावर घातक ठरतात. जीर्ण पत्र्यावर संरक्षक प्रायमर देऊन तो बंदिस्त करण्याच्या प्रश्नाचा विचार या पार्श्वभूमीवर करणे हे प्रस्तुत लेखाचे प्रयोजन आहे.

धाबे, पांढरी आणि खार

लोणार हे विदर्भात असले तरी मराठवाड्याच्या सीमेलगत आहे. घरबांधणीच्या शब्दसंग्रहातही ही सरमिसळ दिसते. विदर्भ-खानदेशच्या बाजूला ज्याला 'धाबे' म्हणतात त्यालाच मराठवाड्यात 'माळवद' म्हणतात. रचना साधारण एकच. भिंतींवर व लाकडी खांबांवर तुळया, त्यांवर आडवी लाकडे, त्यांवर फाट्या, तुराट्या किंवा पाला यांचा थर, त्यावर चिखलाचा जाड थर आणि सर्वांत वर पाणी अडवणारी पांढरी किंवा खारी माती. छताला किंचित उतार देऊन पाणी पन्हाळीवाटे बाहेर काढले जाई.

यातील वरचा थर हा या बांधणीचा प्राण होय. मराठी मुलखात शेतजमिनीला 'काळी' आणि गावठाणाला 'पांढरी' म्हणण्याचा प्रघात जुना आहे. गावठाणात शतकानुशतके घरे पडून, राख व चुनखडी मिसळून तयार झालेली माती पांढुरकी असते. ती काळ्या मातीप्रमाणे उन्हाने भेगाळत नाही व पावसात फुगून वाहत नाही. खाऱ्या मातीचा आणखी एक गुण असा की, तिच्यावर गवत सहसा रुजत नाही. गवताची मुळे ही धाब्याची मोठी शत्रू. म्हणून ज्येष्ठात, मृगाच्या आधी, गाढवांवरून किंवा बैलगाडीतून ही माती आणून धाब्यावर पसरण्याचे काम घरोघर चाले. जुन्या वसाहतींची टेकाडे आणि पडक्या गढ्या हे या मातीचे हक्काचे साठे. महाराष्ट्रातील अनेक प्राचीन पांढरीच्या टेकाडांची हानी याच मातीसाठी झाली, ही पुरातत्त्वाच्या अभ्यासकांची खंत रास्त आहे. पण एका पिढीच्या पडक्या भिंती पुढच्या पिढीच्या डोक्यावरचे छप्पर होत, हेही तितकेच खरे.

खार हा तर लोणारच्या ओळखीचाच शब्द. सरोवरातील व काठावरील क्षारांना स्थानिक बोलीत दल्ला, खुप्पल, पापडी, भुसकी अशी निरनिराळी नावे होती. १९१२ मध्ये ला टूश व ख्रिस्ती यांनी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणासाठी लिहिलेल्या निबंधामुळे लोणारच्या खाराचा प्रश्न विज्ञानाच्या कक्षेत आला. त्याही आधी, सोळाव्या शतकाच्या अखेरीस 'आईन-ए-अकबरी'त वऱ्हाड सुभ्याचे वर्णन करताना अबुल फझलने येथे काच व साबण यांना लागणारे पदार्थ मिळतात असे नमूद केले आहे. तेल आणि खार एकत्र आले की साबण होतो, हे लोणारच्या रहिवाशांना रसायनशास्त्राच्या पुस्तकाआधीपासून ठाऊक होते. या साध्या ज्ञानाचा सिमेंटच्या पत्र्याशी काय संबंध, हे पुढे येईलच.

धाब्याच्या राखणीला एक काळी बाजूही होती. दरवर्षी नवी माती पडे, जुनी मात्र क्वचितच काढली जाई. थरावर थर चढत छत फूट-दीड फूट, कधी त्याहूनही जाड होई. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात दगडमातीच्या भिंती ढासळल्या आणि वरचे हे जड माळवद झोपलेल्या माणसांवर कोसळले. हजारो लोक प्राणांस मुकले. लातूर-उस्मानाबाद भागातील या आपत्तीने संपूर्ण मराठवाड्यात व लगतच्या विदर्भात मातीच्या छपराविषयीचा विश्वास डळमळला. हलके छप्पर हवे, ही भावना त्यानंतर अधिक बळावली. सिमेंटच्या पत्र्याचा प्रसार केवळ आळसामुळे किंवा दिखाऊपणामुळे झाला असे म्हणणे म्हणूनच अन्यायाचे ठरेल.

कवेलू आणि टिन

धाब्याच्या जोडीने कवेलूची घरेही या भागात होती. गावच्या कुंभाराने घडवलेली नळीची कवेलू स्वस्त, परंतु नाजूक असत. माकडे, मांजरे, वारा यांनी ती सरकत आणि पावसाळ्याआधी कवेलू फेरण्याचे काम दरसाल करावे लागे. जुने कवेलू काढायचे, झटकायचे, फुटके बाजूला टाकायचे, साबूत पुन्हा बसवायचे. या कामात धूळ उडे, पण ती मातीचीच.

वऱ्हाडात कापसाचा व्यापार वाढला आणि १८७० मध्ये खामगावला रेल्वेचा फाटा आला, तेव्हा जिनिंग-प्रेसिंगच्या कारखान्यांबरोबर नालीदार लोखंडी पत्राही आला. त्याला लोक 'टिन' म्हणू लागले. टिन हलके, लवकर बसणारे. पण उन्हाळ्यात भट्टीसारखे तापणारे, पावसात कर्कश वाजणारे आणि कालांतराने गंजणारे. धाब्याच्या गारव्याला सरावलेल्या माणसाला ते नकोसे वाटे. या उणिवांवर उपाय म्हणून जे छप्पर बाजारात आले ते ॲस्बेस्टॉस-सिमेंटचे.

कैमोरचा पत्रा

ॲस्बेस्टॉस म्हणजे खाणीतून निघणारे तंतुमय खनिज. ते जळत नाही, सडत नाही व ताणाला सहज तुटत नाही. ऑस्ट्रियातील लुडविग हात्शेक याने कागद बनवण्याच्या यंत्रात फेरफार करून सिमेंट व ॲस्बेस्टॉसच्या पातळ लगद्यापासून पत्रे काढण्याची पद्धत शोधली आणि १९०१ च्या सुमारास तिचे एकस्व मिळवले. चिरकाल टिकणारे या अर्थी त्याने मालाचे नाव 'एटरनिट' ठेवले. छपराला दरवर्षी हात लावावा लागणाऱ्या जगात हे नाव किती मोहक वाटले असेल, याची कल्पना करता येते.

भारतात हा उद्योग १९३४ मध्ये सुरू झाला. ब्रिटनमधील टर्नर ॲण्ड न्यूऑल या कंपनीच्या सहभागातून 'ॲस्बेस्टॉस सिमेंट लिमिटेड' स्थापन झाली व तिचा पहिला कारखाना कैमोर येथे उभा राहिला. कैमोर आज मध्य प्रदेशात कटनी जिल्ह्यात आहे. परंतु त्या काळी ते मध्य प्रांतात होते आणि वऱ्हाडचा कारभारही याच प्रांताबरोबर नागपूरहून चालत असे. म्हणजे लोणार ज्या प्रशासकीय छत्राखाली होते, त्याच छत्राखाली देशातील हा पत्रा प्रथम तयार झाला. पुढे मुंबईजवळ मुलुंड येथे कारखाना निघाला. कालांतराने नाशिक जिल्ह्यातील लखमापूर व पुणे जिल्ह्यातील केडगाव येथेही पत्र्यांचे उत्पादन होऊ लागले. स्वातंत्र्योत्तर काळात शाळांच्या खोल्या, गोदामे, बसथांबे, बाजार समित्यांचे शेड, कोंबड्यांची खुराडी, गुरांचे गोठे आणि अखेर राहती घरे असा पत्र्याचा प्रवास झाला. भारतीय मानक संस्थेने नालीदार पत्र्यासाठी ४५९ क्रमांकाचे मानक ठरवले. सहा मिलिमीटर जाडीचा, एक मीटरहून थोडा अधिक रुंदीचा करडा पत्रा खेड्यातील दुकानदाराच्या अंगणात उभा केलेला दिसणे नित्याचे झाले. यातील तंतूंचे प्रमाण वजनाच्या सुमारे दहा टक्क्यांच्या आसपास असते. उरलेला बहुतांश भाग सिमेंटचा. म्हणून लोकांनी त्याला 'सिमेंटचा पत्रा' असे नाव दिले आणि त्या नावाआड ॲस्बेस्टॉस दिसेनासे झाले.

आजाराचे ज्ञान पत्र्याच्या आधीचे

येथे इतिहासाच्या अभ्यासकाने कालक्रमाकडे बारकाईने पाहावयास हवे. इंग्लंडमधील रॉचडेल येथे टर्नर ब्रदर्सच्या कारखान्यात काम केलेल्या नेली केरशॉ या स्त्रीचा १९२४ मध्ये फुप्फुसाच्या विकाराने मृत्यू झाला. डॉ. डब्ल्यू. ई. कुक यांनी या रोग्याचा वृत्तान्त वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केला आणि पुढे या विकाराला 'ॲस्बेस्टॉसिस' हे नाव रूढ झाले. १९३० मध्ये मेरेवेदर व प्राइस यांच्या अहवालाने धूळ व आजार यांचा संबंध सिद्ध केला व १९३१ मध्ये ब्रिटनने ॲस्बेस्टॉस उद्योगासाठी धूळनियंत्रणाचे नियम केले. म्हणजे कैमोरचा कारखाना उभा राहण्यापूर्वी तीन वर्षे, ज्या देशाचे भांडवल व तंत्र येथे आले त्याच देशात, ही धूळ धोकादायक असल्याचे कायद्याने मान्य झाले होते. पत्रा समुद्र ओलांडून आला. त्याबरोबरची सावधगिरी त्याच वेगाने आली नाही.

१९६० मध्ये वॅग्नर व त्यांच्या सहकाऱ्यांनी दक्षिण आफ्रिकेतील निळ्या ॲस्बेस्टॉसच्या खाण परिसरातील रुग्णांचा अभ्यास करून फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग, मेसोथेलिओमा, व हे तंतू यांचा संबंध दाखवला. त्यात खाणीत कधीही काम न केलेले, केवळ परिसरात राहिलेले लोकही होते. हा रोग प्रकट होण्यास वीस ते चाळीस वर्षे किंवा त्याहूनही अधिक काळ लागतो. विंचू चावला तर लगेच कळते. पत्र्याची धूळ चावते तेव्हा काहीच कळत नाही, ही तिच्याविषयीच्या बेफिकिरीची खरी मेख आहे. पत्र्यात वापरले जाणारे पांढरे ॲस्बेस्टॉस निरुपद्रवी आहे असा युक्तिवाद उद्योगाकडून दीर्घकाळ करण्यात आला. तथापि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने पांढऱ्यासह सर्व प्रकारचे ॲस्बेस्टॉस मानवात कर्करोग निर्माण करणारे ठरवले आहे आणि जागतिक आरोग्य संघटनेची भूमिकाही हीच आहे.

ब्रिटनने १९९९ मध्ये, ऑस्ट्रेलियाने २००३ च्या अखेरीस, युरोपीय संघाने २००५ मध्ये व दीर्घकाळ निर्यात करणाऱ्या कॅनडाने २०१८ मध्ये ॲस्बेस्टॉसवर बंदी घातली. भारताने मात्र एक विचित्र वाट धरली. १९८६ पासून देशातील ॲस्बेस्टॉस खाणींना नवे पट्टे देणे व पुढे जुन्यांचे नूतनीकरण करणेही थांबवण्यात आले. आयात करून पत्रे बनवणे मात्र चालू राहिले. आपल्या भूमीतून जे काढणे अयोग्य मानले, ते परदेशातून आणून आपल्या छपरांवर चढवणे योग्य ठरले. या विसंगतीचे समर्थन करणे कठीण आहे.

२७ जानेवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ग्राहक शिक्षण व संशोधन केंद्राच्या याचिकेवर दिलेला निर्णय या संदर्भात महत्त्वाचा आहे. कामगाराच्या आरोग्याचा हक्क हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे असे न्यायालयाने म्हटले आणि कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी नोकरीच्या प्रारंभापासून ४० वर्षे किंवा नोकरी संपल्यानंतर १५ वर्षे, यांपैकी जी मुदत नंतर संपेल तोपर्यंत, जतन करण्याचा आदेश दिला. निर्णय दूरगामी होता. परंतु त्याची दृष्टी कारखान्याच्या फाटकापर्यंत होती. पत्रा फाटकाबाहेर पडून मेहकर किंवा लोणारच्या बाजारात आला, मिस्त्रीने त्याला भोक पाडले, तीस वर्षांनी एखाद्या मजुराने त्यावरचे शेवाळ खरवडले, तर त्या मिस्त्रीच्या व मजुराच्या आरोग्याची नोंद ठेवणारी वही कोठेच नाही.

पत्रा जीर्ण होतो म्हणजे काय होते

सुस्थितीतील पत्र्यात तंतू सिमेंटमध्ये घट्ट जखडलेले असतात आणि अशा छपराखाली केवळ राहण्याने होणारा धोका अल्प असतो, हे प्रथम स्पष्ट केले पाहिजे. भीतीपोटी चांगला पत्रा हातोड्याने फोडून काढणे हे अधिक घातक. प्रश्न निर्माण होतो तो सिमेंट झिजू लागल्यावर. पावसाच्या पाण्यात विरघळलेला कर्बवायू सिमेंटमधील चुन्याशी संयोग पावतो आणि तो चुना हळूहळू धुऊन जातो. लोणारसारख्या ठिकाणी उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि तापलेल्या पत्र्यावर मृगाचा पहिला पाऊस पडतो. या ताण-आकुंचनाने बारीक भेगा पडतात. भेगांत धूळ बसते, धुळीत शेवाळ व दगडफूल रुजते आणि त्यांच्या मुळाशी तयार होणारी आम्ले सिमेंट आणखी कुरतडतात. दोन-तीन दशकांत पत्र्याचा गुळगुळीत करडा पृष्ठभाग खरखरीत होतो, जवळून पाहिल्यास त्यावर पांढुरकी लव दिसते. ही लव म्हणजे उघडे पडलेले तंतू. पन्हाळीच्या तोंडाशी व पागोळ्यांखाली साचलेल्या गाळातही ते उतरतात. शिवाय या भागात गारपीट होते. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये विदर्भ-मराठवाड्यात झालेल्या भीषण गारपिटीसारख्या प्रसंगी ठिसूळ पत्रे फुटतात आणि तुकड्यांच्या कडांवर तंतू उघडे पडतात.

श्वासावाटे खोलवर जाणारा तंतू पाच मायक्रोमीटरहून लांब व तीन मायक्रोमीटरहून बारीक असतो. तो डोळ्यांना दिसत नाही, नाकाला जाणवत नाही आणि तोंडावर बांधलेल्या उपरण्यातून सहज आरपार जातो.

अशा पत्र्यावर घरमालक काय करतो? तो तेच करतो जे त्याच्या आजोबाने धाब्यावर व कवेलूवर केले. मे महिन्यात, सर्वांत कोरड्या दिवसांत, वर चढतो. तारेच्या ब्रशने शेवाळ खरवडतो, खराट्याने झाडतो, हलणाऱ्या जागी नवे भोक पाडून बोल्ट ठोकतो, भेगेत डांबर भरतो. दसरा-दिवाळीला खालच्या बाजूची जळमटे लांब काठीच्या झाडूने काढली जातात, तेव्हा घरातील लेकरे खालीच असतात. फुटलेला तुकडा गोठ्यात आडोसा म्हणून उभा राहतो किंवा अंगणातील खड्ड्यात भर म्हणून पडतो. यातील एकही कृती धाब्यावर चूक नव्हती. पांढरी माती झाडली तर पांढरी मातीच उडत असे.

प्रायमरचे काम आणि त्याची रीत

जीर्ण पत्रा बंदिस्त करण्याची कल्पना युरोपात, विशेषतः इटलीत, पद्धतशीरपणे विकसित झाली. इटलीने १९९२ मध्ये २५७ क्रमांकाच्या कायद्याने ॲस्बेस्टॉसवर बंदी घातली, पण आधीच बसवलेल्या असंख्य छपरांचे काय, हा प्रश्न होताच. ६ सप्टेंबर १९९४ च्या शासकीय आदेशाने तीन मार्ग मान्य केले : पत्रा काढून टाकणे, त्यावर दुसरे आच्छादन उभारणे, किंवा लेप देऊन तंतू जखडून टाकणे. या तिसऱ्या मार्गात प्रायमरचे स्थान कळीचे आहे. तो रंगाप्रमाणे नुसता वर बसत नाही. झिजलेल्या सिमेंटच्या छिद्रांत मुरतो, सुटे तंतू एकमेकांस व खालच्या घट्ट थरास चिकटवतो आणि त्यावर येणाऱ्या लवचीक लेपाला पकड देतो.

लोणारच्या खाराची आठवण येथे उपयोगी पडते. सिमेंट मूलतः खारट, म्हणजे अल्कधर्मी आहे. पृष्ठभागावरचा चुना धुऊन गेला तरी आतला खार ओलाव्याबरोबर वर येतो. अशा पृष्ठभागावर घरात उरलेला तेलाचा रंग फासला तर खार व तेल यांचा संयोग होऊन रंगाचा अक्षरशः साबण होतो. असा रंग एक-दोन पावसाळ्यांत पापुद्रे धरून सुटतो आणि सुटताना आपल्याबरोबर तंतूही उपटून नेतो. म्हणून खारास टिकणारा, पाण्यात मिसळणारा ॲक्रिलिक जातीचा, पत्र्यात मुरेल इतका पातळ प्रायमर व त्यावर उन्हाबरोबर ताणला व आकसला जाईल असा लेप, अशी जोडी लागते. डांबराचा सरसकट थर हा त्याला पर्याय नव्हे. काळा थर ऊन शोषून पत्रा अधिकच तापवतो.

तथापि प्रायमरच्या डब्यापेक्षा महत्त्वाची आहे ती त्याआधीची तयारी, आणि धोका सर्वाधिक तेथेच आहे. कोणताही लेप धुळीवर टिकत नाही, म्हणून छप्पर स्वच्छ करणे भाग असते; परंतु कोरडे घासणे, पॉलिश-कागद किंवा घासणी यंत्र वापरणे आणि जोरदार दाबाच्या पाण्याने धुणे या तिन्ही गोष्टी वर्ज्य आहेत. दाबाचे पाणी सिमेंट उडवते आणि तंतूंचा चिखल शेजाऱ्याच्या भिंतीपर्यंत फेकते. ऑस्ट्रेलियात ॲस्बेस्टॉसवर असे पाणी मारण्यास कायद्याने मनाई आहे. त्याऐवजी साबणाचे थोडे पाणी हलक्या फवाऱ्याने मारून छप्पर पूर्ण भिजू द्यावे, शेवाळनाशक द्रावण देऊन शेवाळ आपोआप मरू द्यावे, मग मऊ ओल्या कापडाने किंवा स्पंजाने ते उचलावे. पन्हाळीतील गाळ ओला असतानाच काढावा. पाणी अंगणात, भाजीच्या वाफ्यात किंवा टाकीत जाऊ देऊ नये. ते सुकले की तंतू पुन्हा हवेत येतात. ज्या घरी छपराचे पाणी साठवतात तेथे काम पूर्ण होईपर्यंत नळी तोडून ठेवणे अगत्याचे. भारतीय मानक संस्थेने १९८७ मध्ये ॲस्बेस्टॉस-सिमेंट मालाच्या सुरक्षित हाताळणीसाठी ११७६९ क्रमांकाची मार्गदर्शिका काढली. कापताना वा भोक पाडताना धूळ उडू न देण्यावर तिचा भर होता. पण ती खेड्यातील मिस्त्रीच्या हाती पोचवण्याची व्यवस्था कोणी केली नाही.

काम करणाऱ्याच्या तोंडावर कापड असून भागत नाही. चेहऱ्यावर घट्ट बसणारा, सूक्ष्म कणांसाठीची बदलती गाळणी असलेला मुखवटा लागतो. अंगावरचे कपडे एकदाच वापरून टाकण्याजोगे असावेत. ते घरच्या धुण्यात गेले तर धोका धुणाऱ्या स्त्रीकडे सरकतो. ब्रिटनमधील वैद्यकीय इतिहासात कामगारांच्या बायकांना मेसोथेलिओमा झाल्याची उदाहरणे नोंदलेली आहेत. याखेरीज एक धोका वीस वर्षे थांबत नाही : जीर्ण पत्रा माणसाच्या वजनाने अचानक फुटतो. पत्र्यावर पाय न देता, खालच्या आडव्या दांड्यांवर भार जाईल अशा फळ्या टाकून, कमरेला दोर बांधूनच वर जावे. शक्य तेथे खालून उभारलेल्या पराचीवरूनच फवारणी करावी. काम चालू असताना व लेप सुकेपर्यंत घरात कोणी असू नये.

प्रायमर सुकल्यावर त्यावर लेपाचे दोन हात दिले जातात. हवामानाचा विचार करता लोणार भागात याला योग्य काळ म्हणजे दिवाळीनंतरचे महिने. तेव्हा पत्रा कोरडा असतो आणि वैशाखासारखा तापलेलाही नसतो. तापल्या पत्र्यावर प्रायमर मुरण्याआधीच सुकून जातो. मृगाच्या तोंडावर डागडुजी करण्याची पिढीजात सवय येथेही मोडावी लागेल. आतल्या बाजूसही, विशेषतः झोपण्याच्या व स्वयंपाकाच्या जागी, ओल्या कापडाने पुसून प्रायमरचा एक हात देणे हितावह.

हा उपाय कोठे लागू नाही हेही सांगणे आवश्यक आहे. लेप पत्र्याला बळ देत नाही. जो पत्रा आरपार तडकला आहे, कडेला भुसभुशीत झाला आहे किंवा बोल्टाभोवती फाटला आहे, त्याला प्रायमर लावणे म्हणजे पडक्या भिंतीला चुना देणे होय. असा पत्रा भिजवून, बोल्ट कापून, अखंडच खाली उतरवावा. फेकू नये, फोडू नये. तो जाड प्लॅस्टिकच्या दोन आवरणांत बांधून घातक कचऱ्याच्या अधिकृत केंद्राकडे जावयास हवा. विदर्भात असे केंद्र नागपूरजवळ बुटीबोरी येथे आहे. लोणारच्या घरमालकाने चार पत्रे बांधून तेथवर न्यावेत ही अपेक्षा व्यवहारात उतरणारी नाही. तालुक्याच्या पातळीवर जीर्ण पत्रे गोळा करून एकत्र रवाना करण्याची जबाबदारी स्थानिक स्वराज्य संस्थांनी घेतल्याशिवाय हे तुकडे गोठ्यांत, रस्त्यांच्या भरावात आणि नाल्यांच्या काठी जात राहतील. विवराच्या उतारावरून वाहणारे पाणी शेवटी सरोवरातच जाते. सरोवराच्या संवर्धनासाठी नेमलेल्या समित्यांनी सांडपाणी व बाभूळवनाइतकेच या तुकड्यांकडेही पाहिले पाहिजे.

इटलीच्या २० ऑगस्ट १९९९ च्या आदेशातील एक बारकावा येथील मिस्त्रींनी उचलण्यासारखा आहे. उघड्यावरील पत्र्यावर जे अखेरचे दोन थर द्यायचे, ते परस्परांहून ठळकपणे भिन्न रंगाचे असावेत, असा त्यात दंडक आहे. खालचा थर तांबडा व वरचा पांढरा दिला, तर ऊनपावसाने वरचा झिजल्यावर तांबडा रंग डोकावू लागतो. तो अंगणातून, छपरावर न चढता दिसतो. त्यासाठी कोणत्याही यंत्राची वा तज्ज्ञाची गरज पडत नाही आणि पुढचा हात कधी द्यायचा हे घरातल्या कोणालाही कळते.